कोल्हापुरातल्या बिंदू चौकाजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि तिथं मिळालेले मायमोनिदीस

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे ढीग ओलांडून आत गेलात, की शेवटच्या मांडणीत इंग्रजी धर्म-तत्त्वज्ञान आहे. मालक घासाघीस करू देत नाहीत. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा तोच शेवटचा. मला १२० रुपयांत 'मिश्ने तोरा' या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातल्या पश्चात्तापाच्या नियमांचं इंग्रजी भाषांतर मिळालं. पुठ्ठा सुटलाय, शिवण शाबूत आहे.

लेखक मायमोनिदीस, १२व्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री आणि वैद्य. मी नोकरीभर फौजदारी कोर्टात स्टेनो. "परिस्थितीनं करायला लावलं, साहेब" हे टाइप करून बोटं झिजली. त्यामुळे पाचवा अध्याय तिथंच उभ्यानं वाचून काढला. माणूस सज्जन होणार की दुर्जन हे देव जन्मताच ठरवतो म्हणणाऱ्यांना ते सरळ मूर्ख म्हणतात. बायबलमधल्या संदेष्ट्या मोशेसारखं नीतिमान व्हायचं की यराबाम राजासारखं पापी, हे ज्याच्या त्याच्या हातात. तसं नसेल तर आज्ञा कशाला द्यायच्या, आणि शिक्षा तरी कुठल्या न्यायानं?

तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात याच्याही आधीची एक गोष्ट आहे. गर्भ राहताना देवदूत तो थेंब देवापुढं नेऊन विचारतो: हा बलवान होणार की दुबळा, शहाणा की मूर्ख, श्रीमंत की गरीब? सज्जन की दुर्जन, हे मात्र विचारत नाही. आमच्यात बारशाआधी पत्रिका तयार असते, त्यामुळे हे जरा झोंबलंच. फलज्योतिष तर मायमोनिदीस यांनी साफ धुडकावलेलं.

सहाव्या अध्यायात फारो येतो, इस्रायली गुलामांना सोडायला नकार देणारा बायबलमधला इजिप्तचा राजा. देवानंच त्याचं मन कठोर केलं, मग त्याचा काय दोष? उत्तर असं, की आधीची पापं त्यानं आपल्या मर्जीनं केली. मागं फिरायची वाट बंद झाली ती त्यांचीच शिक्षा. कायद्याच्या माणसाला हे पटतं. माणूस म्हणून मला भीती वाटली.

घोडं अडतं ते एका ठिकाणी. देवाला सगळं आधीच ठाऊक, तर निवड खरी कशी? मायमोनिदीस म्हणतात, देवाचं ज्ञान आपल्या ज्ञानासारखं नाही, ते आपल्याला कळायचं नाही. म्हणजे तारीख वाढवून घेतली! त्यांच्याच काळातल्या रावद नावाच्या पंडितानं यावर टीका केलीय, की तडीस नेता येत नाही तो प्रश्न काढायचाच कशाला. माझं मत रावदांच्या बाजूनं.

पुस्तकाला चार तारे. दुकानाला साडेतीन, कारण आत ट्यूबलाइट नाही आणि मालकांना यूपीआय चालत नाही. सुटे घेऊन जा.