हँडलरमधून साधं रिटर्न की सिगलाँगजम्प?

सांगलीत इंजिनिअरिंग करणारा भाचा अडलाय: लिनक्सवर सिग्नल (चालू प्रोग्रॅमला मध्येच येणारी सूचना) हँडलर फंक्शनने हाताळल्यावर थ्रेड (प्रोग्रॅमचा चालू प्रवाह) मूळ स्थितीत कसा आणायचा?

साधं रिटर्न केलं की कर्नलने स्टॅकवर ठेवलेली फ्रेम (आधीच्या स्थितीची नोंद) सिगरिटर्न या सिस्टम कॉलमार्फत परत चढते: रजिस्टर, फ्लोटिंग पॉइंट, सिग्नल मास्क (कोणते सिग्नल रोखलेत त्याची यादी), सगळं. खर्च एका सिस्टम कॉलचा.

सिगलाँगजम्प, म्हणजे सिगसेटजम्पने आधी नोंदवलेल्या जागी थेट उडी, मोजकेच रजिस्टर आणते. मास्कही सिगसेटजम्पला शून्याखेरीज आकडा दिला असेल तरच. मध्ये बदललेले लोकल व्हेरिएबल, व्होलाटाइल (किंमत दरवेळी मेमरीतूनच वाचायची) असे जाहीर केलेले नसतील तर, बेभरवशाचे. आणि मॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) अर्धवट असताना उडी मारली तर त्याचं लॉक तसंच अडकतं. मग बसा शोधत!

पण सेगमेंटेशन फॉल्टवर (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) काहीच न सुधारता परतलात, तर तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट. टायमर, कंट्रोल-सी यांना साधं रिटर्नच. आपल्याच कोडमधल्या ठरावीक जागी येणाऱ्या फॉल्टमधून सुटायला सिगलाँगजम्प.