प्रकाशयोजना शिकण्यासाठी एका दिव्याचा संच: वर्षभराच्या वापरानंतर

स्टुडिओतील प्रकाशयोजना शिकायला किती दिवे लागतात, हा प्रश्न प्रत्येक नवख्या छायाचित्रकाराला पडतो आणि तीन दिव्यांचे तयार संच पाहिले की तो आणखीच गोंधळतो. मी वर्षभर २०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचे माप) एक फ्लॅश, ९० सेंटीमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (म्हणजे दिव्यापुढे पांढरे कापड ताणलेली पेटी), कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारा ट्रिगर आणि स्टँड एवढ्याच संचावर काम केले आहे. शिकणाऱ्याने सुरुवातीला याहून मोठा संच घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण दुसरा दिवा आला की तो पहिल्याची चूक झाकतो आणि मग कोणती सावली कोठून आली हे कळेनासे होते.

पहिल्याच आठवड्यात मी पांढऱ्या कागदावर एक अंडे ठेवले. उघड्या फ्लॅशने त्याची सावली सुरीने कापल्यासारखी आली. सॉफ्टबॉक्स चढवून तो अंड्यापासून अर्ध्या मीटरवर आणला, तेव्हा सावलीची कड कागदात विरघळली. मात्र तोच सॉफ्टबॉक्स तीन मीटर मागे नेल्यावर ती पुन्हा करकरीत झाली. प्रकाशाचा मऊपणा नुसत्या पांढऱ्या कापडातून येत नाही, तर वस्तूच्या जागेवरून पाहिल्यास दिवा केवढा दिसतो यावर तो ठरतो, हे मला त्या अंड्याने शिकवले.

अंतराचा धडा याहूनही मोलाचा ठरला. अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे), हा नियम पाठ असूनही त्याचा उपयोग मला ठाऊक नव्हता. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची पांढरी भिंत दिव्यापासून तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या एक नवमांशच प्रकाश पोहोचतो आणि ती गडद करडी दिसते. आता व्यक्ती व भिंत जागच्या जागी ठेवून दिवा दोन मीटर मागे घेतला आणि ताकद वाढवून चेहऱ्याचा उजेड पूर्वीइतकाच राखला, तर भिंतीला चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक प्रकाश मिळतो आणि तीच भिंत स्पष्ट उजळते. पार्श्वभूमीसाठी वेगळा दिवा हवाच, हा माझा समज तेथे गळून पडला.

संचात दोष आहेतच. मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सावल्या आधीच दिसाव्यात म्हणून फ्लॅशमध्ये सतत जळणारा दिवा, इतका मंद आहे की खोलीतले दिवे चालू असताना नाकाची सावली गालावर कोठे पडते ते दिसत नाही, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच आधी दिसायला हवे. चष्मा घातलेल्या व्यक्तीचे छायाचित्र काढताना तर काचेतले प्रतिबिंब निघून जाईपर्यंत दिवा वर सरकवत न्यावा लागतो; ते काम मला खोली पूर्ण अंधारी करूनच जमले. सॉफ्टबॉक्स धरणारी कडी सैल असल्याने तो हळूहळू खाली झुकतो. स्टँड हलका आहे, त्यामुळे पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय कोणालाही त्याच्याजवळ बसवू नये. फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/३२ च्या खाली जात नाही, म्हणून दिवा जवळ असताना एफ/१.८ सारखे मोठे ॲपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) वापरता येत नाही. शटर सिंक-वेगाच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटर-वेगाच्या (बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंद), पुढे नेले तर चित्रात काळा पट्टा येतो, याविषयी माहितीपुस्तिकेत अवाक्षरही नाही आणि नवशिक्या उगीचच दिव्याला दोष देत बसतो.

तरीही मी हा संच निःशंकपणे सुचवीन. सोबत थर्माकोलचा एक मोठा पत्रा घ्यावा आणि त्याची एक बाजू काळी रंगवावी. पांढरी बाजू सावलीच्या गालाकडे धरली की सावली उजळते, तर काळी बाजू धरली की ती आणखी गडद होते. संच आणल्यापासून पहिले तीन महिने तरी फ्लॅशच्या जोडीला तो पत्राच वापरावा.