कपाटात काय ठेवावं: पिंपातली स्टाउट की ग्यूझ?

दुर्मिळ बिअर जमवणारा माणूस काही वर्षांत एका ठिकाणी येऊन अडतो. कपाट भरलेलं असतं, पैसे बेताचे उरलेले असतात आणि पुढे नेमकं काय जमवायचं हे ठरवावं लागतं. या छंदात दोन मोठे पंथ आहेत. एक बर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या अमेरिकन इंपिरियल स्टाउटचा, म्हणजे काळ्या, कडक बिअरचा; दुसरा ब्रसेल्सच्या आसपास होणाऱ्या ग्यूझ या आंबट बिअरचा. मी आधी शिकागोला राहत होतो, आता ब्रसेल्सजवळ राहतो, आणि दोन्ही पंथांत मनापासून रमलो आहे. कोणती बिअर श्रेष्ठ, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. जमवायला कोणती बरी, यावर मात्र माझं एक मत झालं आहे.

शिकारीचा आनंद म्हणाल तर स्टाउटला तोड नाही. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीची बर्बन काउंटी स्टाउट दुकानांत येते. शिकागोच्या नोव्हेंबरातल्या थंडीत लोक घडीच्या खुर्च्या आणि ब्लँकेटं घेऊन पहाटेपासून दुकानाबाहेर बसलेले असतात. शहराच्या दक्षिणेला राज्याची हद्द ओलांडली की इंडियानातलं मन्स्टर गाव लागतं. तिथली थ्री फ्लॉइड्स ही ब्रुअरी वर्षातून एकदा ‘डार्क लॉर्ड’ विकते: कॉफी, मेक्सिकन व्हॅनिला आणि भारतीय साखर घातलेली, १५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली स्टाउट. त्या दिवसाचं तिकीट काढावं लागतं. मला स्वतःला बाटलीपेक्षा रांग जास्त आवडायची. लांबलांबून आलेली माणसं आपापल्या पिशव्यांतून बाटल्या काढतात, शेजारच्या अनोळखी माणसाच्या ग्लासात दोन घोट ओततात आणि त्याच्याकडची चाखतात. बिअरबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं बरंचसं अशा रांगांत उभं राहून कळलं आहे. ग्यूझच्या बाजूला असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रांगेत जे मिळत नाही ते अदलाबदलीत मिळवायचं. तिथली बोली तुम्हाला माहीत असेलच: ‘आयएसओ’ म्हणजे हवी आहे, ‘एफटी’ म्हणजे द्यायची आहे, तुमच्या वतीने दुसऱ्या गावात रांगेत उभा राहणारा तो ‘म्यूल’, आणि आयोवातल्या टॉपलिंग गोलायथच्या केंटकी ब्रंचसारखी सहसा हाती न लागणारी बाटली म्हणजे ‘व्हेल’. अमेरिकेच्या सरकारी टपालातून दारू पाठवायला बंदी आहे आणि खासगी कुरिअर कंपन्या ती फक्त परवानाधारकांकडून घेतात. त्यामुळे खोक्यावर ‘यीस्टचे नमुने’ असं लिहून पाठवण्याची प्रथा पडली. पार्सल फुटलं तर दाद मागायची सोय नाही. सौद्याचा भाव हा आणखी वेगळा विषय. काही जण डॉलरला डॉलर, म्हणजे दुकानातल्या किमतीवर देवघेव करतात. बाकीचे फेरविक्रीचा चालू भाव धरतात. दोघे वेगवेगळ्या रीतीचे निघाले की बोलणी लांबत जातात. तरीही भली माणसं पुष्कळ भेटतात. खोक्यात न मागता दोन बाटल्या जास्त घालणं हा तिथला जुना शिष्टाचार आहे आणि तो आजही पाळला जातो.

माझं मन फिरलं ते ढोबळी मिरचीच्या वासाने.

कॉफी घातलेली स्टाउट ताजी असते तेव्हा नुकत्याच दळलेल्या बियांचा सुरेख वास येतो. वर्ष-दीड वर्ष गेलं की त्याच बिअरला चिरलेल्या कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येऊ लागतो. प्रत्येक बाटलीत हे होईलच असं मी म्हणणार नाही. साठवण कशी होती, कॉफी कोणती होती, यावर बरंच अवलंबून असावं. पण मी उघडलेल्या जुन्या कॉफी-स्टाउटमध्ये तो वास इतक्या वेळा आला आहे की आता मी तो धरूनच चालतो. व्हॅनिला हळूहळू विरत जाते. नारळ त्याहून लवकर जातो आणि कधीकधी मागे खवट तेलाची चव ठेवतो. शेवटी उरतो तो गोडमिट्ट, जड घोट, त्यात सोया सॉसची झाक.

एवढंच असतं तर ताजी असताना पिऊन टाका म्हणून मोकळा झालो असतो. पण अदलाबदलीच्या बाजारात भाव आहे तो नेमका याच बाटल्यांना. काहीही न घातलेली, नुसती पिंपात मुरलेली स्टाउट पाच-सात वर्षं बऱ्यापैकी टिकते, पण तिच्यासाठी कुणी आपली व्हेल सोडत नाही. सगळ्यांना हवे असतात ते कॉफीचे, व्हॅनिलाचे, नारळाचे, मोजक्याच निघणारे अवतार. अशी एक बाटली घरात आली की तिचं चलन होऊन जातं. आज उघडली तर पुढच्या सौद्यात द्यायचं काय? म्हणून ती थांबते. सौदा जमला की खोक्यात बसून उन्हातान्हात देश ओलांडते. नवा मालकही तिला पुढच्या सौद्यासाठी राखून ठेवतो. त्यात १४-१५ टक्क्यांची आणि ६५० मिलीची बाटली एकट्याने उघडण्यासारखी नसते. चार-पाच जणांची बैठक जमेपर्यंत ती आणखी थांबते. तीन हात फिरून शेवटी झाकण निघतं आणि खोलीभर ढोबळी मिरची पसरते. बनवणाऱ्याने जीव ओतून केलेली बिअर, ती मिळवायला थंडीत बसलेली माणसं, इतके सौदे, आणि ती चांगली होती तेव्हा कुणीच प्यायलं नाही. हे मला सहन होईना. जी वस्तू लवकर प्यायला हवी तिलाच न पिण्याचं कारण मिळत राहतं, आणि या कोड्यातून सुटायची वाट मला स्टाउटच्या जगात सापडली नाही.

पिंपाची स्वतःची जोखीम असते ती वेगळीच. २०१५ च्या बर्बन काउंटीच्या काही प्रकारांत लॅक्टोबॅसिलस या बिअर आंबट करणाऱ्या जंतूची बाधा निघाली. कंपनीने ग्राहकांना पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीपासून बिअर पाश्चराइझ करायला सुरुवात केली.

ग्यूझमध्ये हे जंतू पाहुणे म्हणून येत नाहीत, ते घरचेच असतात. ब्रसेल्सच्या नैऋत्येला, सेन नदीच्या खोऱ्यात आणि पायोटनलँडच्या टेकाडांवर, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत धान्याचा रस उकळून उथळ तांब्याच्या नाहीतर पोलादी हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि पिंपांतले जीव पुढचं काम करतात. अशा बिअरला लँबिक म्हणतात. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून बाटलीत भरली की बाटलीतच ती पुन्हा आंबते. बुचातून आत शिरलेल्या थोड्याफार ऑक्सिजनचा ब्रेटानोमायसिस हे यीस्ट फडशा पाडतं. म्हणून जो काळ स्टाउटला हळूहळू मारतो, तोच ग्यूझला घडवतो. काही उत्पादक तर लेबलवर २० वर्षं पुढची तारीख छापतात. माझ्या अनुभवात पहिली दोन-तीन वर्षं ती धारदार असते. पाच वर्षांच्या आसपास आंबटपणाच्या कडा बोथट होतात. दहा वर्षांच्या बाटलीत वाळलेलं गवत, संत्र्याची साल आणि जुन्या लाकडाचा वास असं काही एकत्र येतं की ग्लास संपल्यावरही मी तो हुंगत बसतो. अल्कोहोल बहुधा ५ ते ७ टक्के, आणि ३७५ मिलीची बाटली सहज मिळते. बुधवारी रात्री जेवताना एकट्याने उघडली तरी काही बिघडत नाही. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं, कारण उघडली जाते तीच बिअर आपल्याला कळते.

ग्यूझवाल्यांना आपली बिअर व्यापाऱ्यांच्या हातात गेलेली आवडत नाही, हेही इथे दिसत राहतं. आंडरलेख्तमधली कँतियों ही ब्रुअरी १९०० पासूनची. ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं. १९७८ पासून तिथेच ग्यूझचं संग्रहालयही आहे. काही बाटल्या तिथेच बसून प्यायच्या, घरी नेता येत नाहीत. बाकीच्यांवर माणशी मर्यादा असते. त्यांची ‘झ्वांझे’ ही वर्षातून एकदाची खास बिअर भरमसाट भावाने फेरविक्रीला जाऊ लागली. तेव्हा २०११ पासून कँतियोंच्या ज्याँ व्हान रॉय यांनी ती जगभरच्या निवडक ठिकाणी एकाच दिवशी नळावरून पाजायला सुरुवात केली. संग्राहक म्हणून मला एक बाटली कमी मिळाली, पण ती पद्धत मला मनापासून पटते.

आता ग्यूझचे दोष. सगळ्यात मोठा, शिकार फिकी. बोन या उत्पादकाची ओल्ड ग्यूझ बेल्जियमच्या सुपरमार्केटात फडताळावर उभी असते. रांगेचा थरार हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. बुचाचा त्रास आहे. दमट वर्तमानपत्रासारखा वास आलेली बाटली कधीतरी निघतेच, आणि इतकी वर्षं सांभाळलेली असली तर फार लागतं. एकाच भरणीतल्या, म्हणजे एकाच वेळी भरलेल्या, दोन बाटल्याही वेगळ्या लागू शकतात. फळं घातलेल्या लँबिकला तर स्टाउटवालाच आजार आहे. कँतियोंची जर्दाळू घातलेली ‘फू फून’ अमेरिकेतले लोक व्हेल म्हणून सांभाळतात, पण दोन वर्षांत तिच्यातलं जर्दाळू मला मावळलेलं वाटतं. ती मिळाली की प्यावी. शिवाय संकट उत्पादकावरही येतं. मे २००९ मध्ये बेर्सेलच्या द्री फॉन्टेनेन या ग्यूझ-उत्पादकाकडे थर्मोस्टॅट बिघडला, कोठीत गरम हवा सुरूच राहिली आणि हजारो बाटल्या गेल्या. तिथल्या आर्मांड डेबेल्डर यांनी नासलेल्या बिअरचा काही भाग गाळून त्याची कडक दारू केली, आणि हाती उरलेल्या लँबिकमधून चार ऋतूंच्या नावांच्या चार ग्यूझ काढल्या. ते २०२२ मध्ये गेले. त्या चार बाटल्या आज कुणाकडे दिसल्या तर मी आजही थांबतो.

शिकार फिकी म्हटलं खरं, पण या दुर्मिळतेची जात वेगळी आहे. आज कुणालाही मिळणारी बोन दहा वर्षांनी जवळजवळ कुणाकडेच नसते, कारण बाकीच्यांनी ती पिऊन टाकलेली असते. तुम्ही नुसती ठेवली म्हणून ती दुर्मिळ झाली. त्यासाठी कुणाशी घासाघीस करावी लागली नाही, कुरिअरवाल्याला काही खोटं सांगावं लागलं नाही. आणि ज्याला जुन्या बाटल्या शोधायच्याच आहेत त्याने आय्झरिंगन गावच्या चर्चसमोरच्या गुत्त्यात जावं. तो मुख्यतः रविवारी उघडतो, गावकरी पत्ते खेळत बसलेले असतात आणि लँबिकची यादी वहीएवढी असते. तिथे जुनी बाटली मागितली की ती टोपलीत आडवी येते आणि तुमच्यासमोर उघडली जाते. पुढच्या सौद्याचा विचार तिथे मनात येत नाही.

पुण्या-मुंबईत राहून जमवणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. परदेशातून येताना माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. त्यात ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि ३७५ ची एक बसते. इतक्या कमी जागेत काय आणायचं, याचं माझं उत्तर ग्यूझ हेच आहे, पण एका अटीवर. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन्ही प्रकारांचं मातेरं होतं, त्यामुळे १२-१३ अंशांचा वाइनचा फ्रिज नसेल तर मुरवण्याच्या फंदात पडू नका. आणलं ते उन्हाळ्याच्या आत पिऊन टाका. ग्यूझच्या बाटल्या बहुतेक हिरव्या काचेच्या असतात, तेव्हा उजेडही नको.

स्टाउट कुणी घ्यावी? ज्याचं घर अमेरिकेत आहे, दर महिन्याला जमणारी मित्रमंडळी आहे आणि जो हातात आलेली बाटली त्याच हिवाळ्यात उघडू शकतो, त्याने खुशाल घ्यावी. त्याला माझा वैताग कळणारही नाही आणि त्याची संध्याकाळ माझ्यापेक्षा रंगलेली असेल. आंबट चव मुळीच न सोसणाऱ्यानेही माझं ऐकू नये.

बाकीच्यांना मी एवढंच सुचवेन. बोनचीच मारियाज पारफे नावाची ग्यूझ आणि तिल्कँ या दुसऱ्या उत्पादकाची ओल्ड ग्यूझ, दोन्ही ३७५ मिलीच्या, प्रत्येकी सहा घ्या. सहाही एकाच भरणीच्या आहेत ना, हे लेबल पाहून खात्री करून घ्या. अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. एक-एक लगेच उघडा आणि कशी लागली ते तारखेसह लिहून ठेवा, पुढे दरवर्षी एक-एक. उरलेल्या पैशांत बर्बन पिंपातली, काहीही न घातलेली एक स्टाउट आणा. तिच्या बदल्यात कुणी काही देऊ केलं तरी देऊ नका. नाताळच्या सुटीत मित्रांना बोलवा आणि उघडा.