मोठ्या अक्षरांतील 'पवित्र शास्त्र' आणि त्यातला 'मंडळी' हा शब्द

आईची जुनी प्रत शिवणीतून सुटू लागली, म्हणून मराठी 'पवित्र शास्त्रा'ची, म्हणजे बायबलची, मोठ्या अक्षरांतील आवृत्ती आम्ही विकत घेतली. गेले तीन महिने ती घरात रोज वाचली जाते आणि दर बुधवारी आमच्याकडे भरणाऱ्या प्रार्थनासभेतही तीच उघडली जाते. या काळात सभेने 'चर्च म्हणजे काय' हा एकच विषय अभ्यासाला घेतला होता, त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः त्या अभ्यासाला या प्रतीचा किती उपयोग झाला याविषयी आहे.

छपाईबद्दल थोडक्यात सांगायचे तर अक्षर ठसठशीत आहे, जोडाक्षरे फुटत नाहीत आणि आईला आता भिंग लागत नाही. पुस्तक मात्र चांगलेच वजनदार आहे. मांडीवर उशी घेतल्याशिवाय तिला ते फार वेळ धरवत नाही.

खरा विषय भाषांतराचा आहे. इंग्रजीतील 'चर्च' या शब्दाचे मूळ 'प्रभूचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दात असल्याचे मानले जाते, आणि बोलताना आपण तो बहुधा इमारतीसाठीच वापरतो. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तविषयक दुसऱ्या भागातील, मूळ ग्रीक शब्द मात्र 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून एकत्र आणलेली माणसे. तो तेथे 114 वेळा येतो आणि एकदाही इमारतीसाठी येत नाही. पहिल्या पिढीतील विश्वासणारे घरांतूनच जमत. सिरियातील ड्युरा-युरोपोस येथे सापडलेली उपासनेची प्राचीन जागासुद्धा तिसऱ्या शतकातील असून, तीही राहते घर बदलूनच केलेली आहे.

या शब्दासाठी मराठी भाषांतराने 'मंडळी' हा शब्द योजला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण भाषांतरातील ही सर्वांत सुंदर निवड आहे. 'मंडळी जमली' असे आपण म्हणतो तेव्हा माणसे अनेक असतात आणि क्रियापद एकवचनी असते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल शरीर एक आणि अवयव पुष्कळ असे जे समजावून सांगतो, ते आपल्या व्याकरणाने आधीच पत्करलेले आहे. दुसरी गोष्ट आईने दाखवून दिली. इफिसकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात ख्रिस्ताच्या मंडळीवरील प्रीतीची तुलना पतीच्या पत्नीवरील प्रीतीशी केली आहे. ते वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "तुझे आजोबा माझ्या सासूबाईंना 'आमची मंडळी'च म्हणायचे." जुन्या पिढीतील पुरुष पत्नीचा उल्लेख असाच करीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, पण त्या ओळीशी ते कोणी जोडून पाहिले नव्हते. ग्रीक शब्दात नसलेला हा अर्थ मराठी वाचकाला आपसूक मिळतो.

याच ठिकाणी या आवृत्तीची एक उणीव खटकते. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील पुस्तकाच्या 19व्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात गोंधळ घालणाऱ्या जमावालाही मूळात 'एक्लेसिया'च म्हटले आहे, पण भाषांतरात तेथे 'सभा' हा शब्द आला आहे. संदर्भ पाहता तो योग्यच आहे. तरीही एका ओळीची तळटीप असती, तर हा शब्द मुळात नगरातील नागरिकांच्या सभेचा होता आणि ख्रिस्ती लोकांनी तो आपल्यासाठी उचलला, हे वाचकाला कळले असते. माझ्या प्रतीत अशी टीप नाही. ही गोष्ट आम्हाला पाळकांकडून, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडून, समजली.

आमच्या सभेत येणाऱ्या वसईच्या एका कॅथोलिक भगिनींनी आणखी एक शब्द पुढे ठेवला. त्यांच्याकडे 'ख्रिस्तसभा' म्हणतात, आणि त्या शब्दाबरोबर प्रेषितांपासून बिशपांच्या परंपरेने चालत आलेली, दृश्य स्वरूपाची एक संस्थाही मनात येते. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथोलिक बिशपांच्या जागतिक परिषदेने, चर्चचे वर्णन 'देवाची प्रजा' असेही केले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आम्हा प्रॉटेस्टंटांना 'मंडळी' म्हटले की आधी रविवारी शेजारी बसणारी माणसे आठवतात. मत्तयाच्या 16व्या अध्यायात खडकावर रचली जाणारी मंडळी सर्व काळांतील सर्व विश्वासणाऱ्यांची आहे, तर 18व्या अध्यायात भावाचा अपराध जिला कळवायचा ती मंडळी गावातलीच असली पाहिजे. दोन्हींसाठी शब्द एकच आहे, आणि तो तसाच राखल्याबद्दल मी भाषांतरकारांचा ऋणी आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरांची मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदवण्याचा प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला.

नव्याने वाचू लागणाऱ्या तरुणांना 'अधोलोक' (मृतांचे जग) यांसारखे शब्द जड जातील, त्यांच्या हाती सोबत एखादे सोपे भाषांतर द्यावे. ज्येष्ठांसाठी आणि घरगुती सभांसाठी मात्र ही प्रत मी निःशंकपणे सुचवीन. घेतल्यावर प्रथम फिलेमोनाला लिहिलेले पत्र काढावे. अवघ्या 25 वचनांचे हे पत्र दुसऱ्याच वचनात 'तुझ्या घरी' जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगते. आमच्या बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर बसलेल्या अकरा जणांसमोर आईने ते वचन मोठ्याने वाचले आणि पुढे जाण्याआधी मान वर करून सगळ्यांकडे एकदा पाहिले.