पिकअपचा हीटर: दुरुस्तीनंतर आठ महिने, त्यातले अडीच भर पावसातले

गोव्यात पिकअपला हीटर हवा कशाला, हा प्रश्न मे संपेपर्यंत बिनतोड वाटतो. जुलैत पहाटे चारला साखळी सोडून केरीहून चोर्ला घाट चढायला घेतला की उत्तर काचेवर दिसतं. भिजलेला रेनकोट, ओल्या चपला, दोन माणसांचा श्वास, आणि काच दुधासारखी.

यावर सगळ्यांचा उपाय एकच: एसी लावा, वारा काचेवर सोडा. आतली वाफ जाते खरी, पण काच गार पडते आणि मग बाहेरून दव धरतं. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. काच त्याखाली गेली की वायपर थांबायचा अवकाश, पुन्हा धुरकट. एसी चालू आणि तापमानाचा नॉब मध्यावर, ही जोडीच चालते. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर तीच कोरडी हवा परत गरम करतो. बाहेरची हवा आत घेणारी खटकी उघडी हवी; आतलीच हवा फिरवत ठेवली तर सगळं मुसळ केरात.

गाडी सिंगल केबिन, अडीच लिटर डिझेल. दुरुस्तीआधी नॉब पूर्ण लालवर असताना जाळीतून ३८ अंशांची हवा यायची. आता सपाटीवर ५८ ते ६० येते. बिघाड एक नव्हता, तीन होते. गोव्यातल्या जुन्या पिकअपमध्ये हे तिन्ही एकत्रही सापडू शकतात.

पहिला अगदी फुटकळ. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) हीटर व्हॉल्व्हची केबल; इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये सोडतो तो हा व्हॉल्व्ह. डॅशमधला नॉब टोकाला जायचा, व्हॉल्व्हचा दांडा मात्र सहा-सात मिलिमीटर अलीकडेच थांबायचा, कारण केबलचं बाहेरचं कवच धरणारी क्लिप सरकली होती. बॉनेट उघडून, दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगून दांड्याकडे बघणं, ही तपासणी सगळ्यात आधी करावी. पाना लागत नाही. त्याच वेळी हेही बघा की हीटरकडे जाणारे दोन पाइप खरोखर फायरवॉलपर्यंत पोचतात का. सेकंडहँड गाड्यांत कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर, ज्यावरून हवा गरम होते) गळायला लागला की दोन पाइप एकमेकांना जोडून ‘बायपास’ मारलेला असतो, आणि विकताना हे कोणी सांगत नाही. काही साध्या व्यावसायिक मॉडेलमध्ये कंपनीचा हीटरच नसतो, ते वेगळं.

मग पाइपांचं तापमान. इंजिन पूर्ण गरम, हीटर पूर्ण चालू, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. काळ्या रबरावर तो बरोबर दाखवतो, चकचकीत ॲल्युमिनियमवर चुकीचं कमी दाखवतो. तिथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजायचं. दोन्ही पाइप गरम आणि हवा गार, तर दोष आतल्या फडक्यांचा (हवा वळवणाऱ्या झडपांचा) किंवा ब्लोअरचा. हीटरकडे जाणारा गरम आणि परत येणारा कोमट, तर कोअर तुंबलेला किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी, हवा अडकलेली किंवा थर्मोस्टॅटचा (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा) घोळ. रेस दिल्यावर गरम आणि आयडलला गार होत असेल तर आधी कूलंटची पातळी, मग वॉटर पंपाच्या गंजलेल्या पात्यांचा संशय घ्यावा. या गाडीत आधी जाणारा ६२, येणारा ४१. म्हणजे दुखणी दोन: इंजिनच पुरेसं तापत नाही, आणि कोअर तुंबलाय.

इंजिन का तापत नव्हतं? थर्मोस्टॅट काढून टाकला होता. ‘गोव्याच्या गरमीत कशाला पाहिजे’ हे वाक्य निम्म्या गॅरेजांत ऐकू येतं, आणि ते सरळ चूक आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, काटा वर येतच नाही, गार डिझेल इंजिन काजळी धरतं आणि न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. शिवाय ज्या थर्मोस्टॅटला खाली इंजिनातला बायपास (रेडिएटर टाळणारी वाट) बंद करणारी दुसरी चकती असते, तो काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो. मग थोडं पाणी रेडिएटर टाळून तसंच इंजिनात परततं आणि भरलेली गाडी घाटात उलट जास्त तापते. ज्या भीतीने काढला तेच पदरात.

नवा बसवण्याआधी पातेल्यात तपासला. दोऱ्याने टांगायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, सोबत थर्मामीटर. ८२ अंशांचा शिक्का असेल तर त्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे फट दिसायला लागते आणि ९५ च्या सुमाराला साधारण आठ मिलिमीटर उघडतो. बसवताना हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला, तिथूनच हवा निघते. गॅस्केट नवं.

तुंबलेल्या कोअरचं मूळ रेडिएटरमध्ये ओतलेल्या विहिरीच्या पाण्यात. जांभ्यातलं पाणी दिसायला नितळ, पण त्यात लोह असतं. इंजिनातला गंज त्यात मिसळतो आणि सगळा गाळ कोअरच्या अरुंद नळ्यांत बसतो. पाइप काढताना पिरगाळू नका, कोअरची नळी तुटते. चिकटला असेल तर रबराला उभी चीर द्या. मग बागेच्या पाइपाने उलट दिशेने, म्हणजे येणाऱ्या नळीतून, हलक्या दाबाने पाणी. कॉम्प्रेसर लावलात तर कोअर फुटेल. पहिलं पाणी खाणीच्या रस्त्यावरच्या ओहोळासारखं लाल निघालं, त्यात पांढऱ्या खपल्या. नंतर तीन लिटर गरम पाण्यात दीडशे ग्रॅम लिंबूसत्त्व, कोअरमध्ये भरून पंचवीस मिनिटं, असं दोनदा. कॉस्टिक सोडा नको, ॲल्युमिनियम खातो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा.

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचंच. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये, आणि दोन जाती मिसळू नयेत. इथे पाणी गोठायची भीती नाही, पण गंजाविरुद्ध तिसरा हिस्सा तरी कूलंट लागतंच. याहून पातळ केलं तर त्यातलं गंजरोधक पुरत नाही.

हवा काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि निम्म्या दुरुस्त्या इथेच वाया जातात. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरम, थंड इंजिनात सावकाश भरायचं, झाकण उघडं. १५०० आरपीएमवर पंधरा-वीस मिनिटं, अधूनमधून वरचा पाइप दाबत. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप एकाएकी तापतो. बुडबुडे थांबले की झाकण लावून बंद करायचं आणि रात्रभर थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. डॅशमागे खळखळ ऐकू आली तर हवा अजून आहे. चार-चारदा काढूनही परत येत असेल आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केट तपासा, हीटरच्या मागे लागू नका.

आठ महिन्यांत काटा मध्यावरून हललेला नाही. पाइप आता ८४ आणि ७३. घाट उतरताना मात्र हवा कोमट होते: तिसऱ्या गिअरात, पाय काढलेला, इंजिनात डिझेलच जळत नाही. केरीला पोचेपर्यंत जाळीत ४५ च्या आसपास. हा बिघाड नव्हे, यासाठी गॅरेज गाठू नये. लांब आयडलवरही थोडं तसंच होतं.

न जमलेलं असं: ड्रायव्हरच्या बाजूचा काचेचा खालचा कोपरा अजून सगळ्यात शेवटी साफ होतो. पायाकडे हवा नावापुरतीच. नवीन रबर बसल्यावर पहिल्या महिन्यात एका क्लिपजवळ कूलंटचा ओघळ दिसला, अर्धा आटा आवळल्यावर थांबला. साध्या क्लिपा खाऱ्या हवेत गंजतात, स्टेनलेस स्टीलच्या घ्या. जुलैत ब्लोअरचा पहिला-दुसरा स्पीड गेला, फक्त वरचे चालत होते, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला. कारण काचेखालच्या खाचेत आंब्याची पानं कुजून निचरा बंद झाला होता आणि पाणी ब्लोअरच्या खोक्यात उतरलं होतं. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी दर पंधरवड्याला तिथे हात घालावा.

पायाखालची चटई ओली दिसली तर बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर एसीचा निचरा किंवा हीच खाच. चिकट, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर येत असेल तर कोअर गळतोय. पुढचा डॅश उतरवावा लागतो, तेव्हा कोअरसोबत फडक्यांचा फोमही त्याच दमात बदलून घ्या. सीटमागे डिस्टिल्ड वॉटरचा एक लिटरचा कॅन ठेवलेला आहे, अजून सील फोडलेलं नाही.