झिरो डेप कार इन्शुरन्सचा दहा महिन्यांचा अनुभव: पैसे मिळाले, पण लायसन्सच्या तारखेने जीव काढला

पॉलिसी गेल्या डिसेंबरात घेतली, आता ऑक्टोबर संपत आला. ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, चौथं वर्ष चालू, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आणि वर झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे न कापण्याचं जादा कव्हर. आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत), कॅशलेस गॅरेज, रोडसाइड असिस्टन्स हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते लायसन्सच्या तारखेबद्दल, कारण त्या एका तारखेपायी माझा अख्खा जुलै गेला आणि कंपनीच्या ॲपमध्ये ती तारीख टाकायला आजही जागा नाहीये.

घेताना सगळं सुरळीत झालं. तीन वर्षं क्लेम नव्हता म्हणून ३५ टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) मिळाला. थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे) ३,४१६ सरकारनेच ठरवलेले, त्यामुळे जी काही घासाघीस केली ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर. झिरो डेपचे १,९०० वेगळे पडत होते, नवरा म्हणाला कशाला, तीन वर्षांत गाडीला ओरखडा नाही. दोन दिवस विचार करून शेवटी घेतलं, कारण गाडी रस्त्यावर उभी असते आणि पुढचं-मागचं सगळं प्लास्टिक. फॉर्ममध्ये इंजिन नंबर, चेसिस नंबर, जुनी पॉलिसी, नॉमिनीचं नाव, नॉमिनीचं वय, सगळं विचारलं. गाडी घरात कोण कोण चालवतं आणि त्यांचं लायसन्स कधीपर्यंत आहे हे नाही विचारलं. तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

मे महिन्यात दिराचं लायसन्स अडकलं. चालवताना फोनवर बोलताना पकडला, पोलिसांनी लायसन्स जमा करून आरटीओकडे पाठवलं. त्याला वाटलं दंड भरला की झालं. पण २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून वेग, सिग्नल तोडणं, हातात फोन, दारू, अशा गुन्ह्यांत लायसन्स थेट आरटीओकडे पाठवता येतं, तिथे तुमचं म्हणणं ऐकून घेतात आणि पहिल्या वेळेलाच तीन महिने सस्पेंड करू शकतात, पुन्हा सापडलात तर रद्दच. त्याचं तीन महिन्यांसाठी गेलं. ऑर्डरविरुद्ध अपील करायचं तर ३० दिवसांत करावं लागतं, तो म्हणाला चूक माझीच आहे, नाही करत.

त्या सुनावणीला नवरा त्याच्यासोबत गेला होता. बाकावर बसून वेळ जाईना म्हणून पाकिटातलं स्वतःचं लायसन्स काढून बघत बसला. जुनं कार्ड, पाकिटात घासून घासून तारखेवरची शाई पार उडालेली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा आकडे दिसले. मार्चमध्येच संपलेलं! वीस वर्षांपूर्वी काढलेलं आणि वीस वर्षांचं, त्यामुळे ते कधी संपेल हा विचारच घरात कुणी केला नव्हता. त्याने तिथूनच मला फोन केला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मार्चपासून तो रोज ऑफिसला गाडी नेत होता आणि मुलांना घेऊन दोनदा आम्ही माझ्या माहेरी जाऊन आलो होतो.

आता जे लिहिते ते कृपा करून नीट वाचा, कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना हे उलटं माहीत होतं. सगळे म्हणाले, अगं काही होत नाही, एक वर्षाची मुभा असते. ती मुभा रिन्यू करायची आहे, गाडी चालवायची नाही! मुदत संपल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्ष उलटलं की टेस्ट. पूर्वी संपल्यानंतर ३० दिवस लायसन्स चालायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. आणि उशिरा रिन्यू केलेलं लायसन्स रिन्यू झालेल्या दिवसापासून लागू होतं, मागच्या तारखेपासून नाही, त्यामुळे मधले दिवस तुम्ही विनालायसन्सचेच. कोरोनात सरकारने तारखा वाढवत वाढवत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत नेल्या होत्या, मला वाटतं तेव्हापासून लोकांच्या मनात बसलंय की लायसन्सची तारीख थोडी मागेपुढे चालते.

आम्ही त्याच दिवसापासून गाडी मी चालवायची असं ठरवलं. २ जूनला सारथीवर (लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज टाकला, चाळिशीच्या पुढचा असल्यामुळे डॉक्टरचं फॉर्म १ए (मेडिकल सर्टिफिकेट) लागलं, ९ जूनला रिन्यू झालं. नवीन नियमाने आता दहाच वर्षांचं मिळतं, पूर्वीसारखं वीसचं नाही. कार्ड पोस्टाने यायचं होतं पण डिजिलॉकरमध्ये दिसायला लागलं आणि ते चालतं, म्हणून त्याने परत गाडी घ्यायला सुरुवात केली.

२१ जूनला पाऊस, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, आमची गाडी घसरत जाऊन त्याच्या मागे बसली. बंपर, ग्रिल, डावा हेडलॅम्प, बॉनेट. कुणाला लागलं नाही हे देवाचे उपकार. ॲपवर क्लेम टाकला, दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चेसिस नंबरवरची धूळ अंगठ्याने पुसून फोटो काढला, बॉनेटची बिजागरी दोनदा उघडझाप करून बघितली, हेडलॅम्पचा आतला तुटलेला कान मला दाखवला आणि म्हणाला ताई, हा चिकटवायचा नाही, नवीनच घ्या, मी लिहितो. मग म्हणाला चालवत कोण होतं, त्यांचं लायसन्स अपलोड करा.

इथे आमची चूक झाली ती आधीच सांगते. नवऱ्याने घाईत मोबाइलच्या गॅलरीतला जुन्या कार्डाचा फोटो अपलोड केला. चार दिवसांनी मेल आला, क्लेम नामंजूर, अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं. मी लगेच डिजिलॉकरचं नवीन पाठवलं. मला वाटलं संपलं. तर फोन आला की मॅडम, मार्च ते जून गॅप आहे, लायसन्स सलग नाहीये, त्यामुळे निर्णय तोच राहील.

हे मला सहन झालं नाही. रात्री पॉलिसीची पीडीएफ उघडून बसले, ड्रायव्हर क्लॉज शोधला, चारच ओळी आहेत पण सगळं त्यात आहे. चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी प्रभावी लायसन्स हवं आणि तो लायसन्स धारण करायला अपात्र ठरवलेला नसावा. अपघाताच्या वेळी! आमचा अपघात २१ जूनचा, लायसन्स ९ जूनपासून प्रभावी. मार्च-एप्रिलमध्ये काय होतं याचा त्या क्लॉजमध्ये प्रश्नच येत नाही. हाच अपघात ५ जूनला झाला असता आणि गाडी त्याच्या हातात असती तर मी एक शब्द न बोलता ३५ हजार भरले असते, कारण तेव्हा कंपनी बरोबर असती. लायसन्स रिन्यू होणं आणि अपघात यांत बारा दिवसांचा फरक आहे फक्त.

कस्टमर केअरशी नऊ फोन झाले, दर वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळी कथा, आणि प्रत्येक जण तोच गॅप गॅप करत बसलेला. ज्यांना हा प्रकार भोगावा लागेल त्यांनी फोनवर वेळ घालवू नका. सरळ कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी मेल करा, क्लॉजचा फोटो, सारथीवरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, अपघाताची तारीख, एवढंच. नाही दाद दिली तर आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं) बीमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ ला फोन करता येतो, त्याच्या वर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. मी हे सगळं मेलच्या शेवटी लिहिलं की पुढे कुठे जाणार आहे. बाराव्या दिवशी उत्तर आलं, क्लेम मंजूर.

खरं तर मी हा रिव्ह्यू जुलैतच लिहायला घेतला होता आणि एकच स्टार देणार होते. पण गॅरेजचं फायनल बिल हातात आल्यावर मत बदलावं लागलं, आणि ते प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. जीएसटी सोडून ३४,९०० चं काम. त्यात बंपर, ग्रिल, हेडलॅम्प मिळून १२,९००, बॉनेट ७,५००, पेंट ९,०००, बाकी मजुरी. झिरो डेप नसतं तर प्लास्टिकवर सरळ ५० टक्के कापतात, म्हणजे ६,४५० माझ्या खिशातून. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर २५ टक्के, म्हणजे १,८७५. पेंटचं बिल एकत्र असेल तर त्यातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे अजून १,१२५. एकूण ९,४५०. मी भरले किती, १,००० कंपल्सरी डिडक्टिबल (दर क्लेमला आपल्या खिशातून भरायचेच, १५०० सीसीपर्यंत हजारच असतं) आणि ७४० कूलंट-क्लिपा-नटबोल्टचे, कारण कन्झ्युमेबल्सचं ॲडऑन मी घेतलं नव्हतं. १,९०० देऊन साडेनऊ हजार वाचले, त्यामुळे झिरो डेपला माझ्याकडून पूर्ण मार्क.

एनसीबी गेला याचं वाईट वाटतं. क्लेम नसता तर डिसेंबरात ३५ चे ४५ टक्के झाले असते, आता शून्य. माझ्या ओन डॅमेजच्या हिशोबाने पुढच्या वर्षी तीन-सव्वातीन हजारांचा फटका, मग परत २० पासून चढायचं. ३५ हजारांच्या कामाला क्लेम करणं बरोबरच होतं, पण चार हजारांच्या ओरखड्याला कुणी करत असेल तर आधी हा हिशोब मांडा. सप्टेंबरात पार्किंगमध्ये मागच्या दाराला कुणीतरी घासून गेलं, ३,८०० एस्टिमेट. यंदाचा एनसीबी गेलेलाच आहे, अजून काय जाणार, करून टाकावा असं आधी वाटलं. पण माझ्या पॉलिसीत झिरो डेपचे वर्षाला दोनच क्लेम आहेत आणि हजार परत भरायचेच, म्हणून थांबले. दुसरा क्लेम डिसेंबरपर्यंत हातात राहू दे. गाडी तशीच फिरवतेय.

अजून एक गोष्ट या सगळ्यात कळली. १५ लाखांचं जे पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं ते मालक-चालकाचं असतं. गाडी माझ्या नावावर, म्हणजे ते कव्हर माझं, आणि तेही माझं लायसन्स चालू असेल तरच. रोज गाडी चालवणारा नवरा त्यात नाही. त्याचं वेगळं घेतलं.

आणि थर्ड पार्टीचं ऐकून तर मला झोप लागली नव्हती. समजा त्या मार्च-मेच्या दिवसांत गाडीखाली कुणी आलं असतं. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून साधारण असं आहे की जखमी माणसाला भरपाई विमा कंपनी देते, पण चालकाकडे वैध लायसन्स नाही हे माहीत असून किंवा निष्काळजीपणे मालकाने गाडी दिली असं सिद्ध झालं तर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मालक मी. नवऱ्याच्या पाकिटातलं कार्ड मी लग्नानंतर एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

दिराचं लायसन्स ऑगस्टमध्ये सुटलं. त्याबद्दलही बरेच जण विचारतात म्हणून सांगते, तीन महिने भरले की आपोआप सुरू होत नाही. रिफ्रेशर ट्रेनिंगचा कोर्स पूर्ण केल्यावर लायसन्स परत मिळतं. आणि हातात कार्ड आलं तरी सारथीवर स्टेटस ॲक्टिव्ह दिसतंय का ते बघून मगच स्टिअरिंगला हात लावा. सस्पेंड असताना चालवलं तर १०,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ड्रायव्हर क्लॉजमधली ती दुसरी अट, अपात्र ठरवलेला नसावा, ती अशाच माणसासाठी आहे. जुलैत घरच्या लग्नाला जाताना तो म्हणाला वहिनी, अर्धा रस्ता मी चालवतो, तू दमलीस. दमले होतेच, सहा तास झाले होते. नाही दिली. थोडा रुसला, पण दिली नाही.

आता परत माझ्या मूळ मुद्द्यावर. या दहा महिन्यांत ॲपवरून मला टायर कव्हर, चावी कव्हर, हेल्थ पॉलिसी, सगळ्याचे मेसेज आले, रिन्युअलचे तर ऑक्टोबरपासूनच सुरू झालेत. लायसन्सच्या तारखेचा एकही नाही. क्लेम टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जो कागद मागता, ज्याच्यावर क्लेम उभा राहतो किंवा पडतो, त्याची तारीख पॉलिसी विकताना विचारायला काय हरकत आहे? एक रकाना, मुदत संपायच्या दोन महिने आधी एक एसएमएस. मी लेखी सूचना दिली, संबंधित टीमकडे पाठवली असं उत्तर आलं, नंतर काही नाही. तोवर मी घरातल्या चारही लायसन्सच्या तारखा एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवल्यात, त्याखाली पॉलिसी संपायची तारीख, आणि त्याखाली त्यानंतरचा नव्वदावा दिवस, पुढे एनसीबी परत जमायला लागला की तोपर्यंत रिन्यू नाही केलं तर तो जातो.

सध्या साडेतीन स्टार. दीड कापलाय तो गॅपच्या वादासाठी आणि त्या न दिलेल्या रकान्यासाठी. डिसेंबरात रिन्युअल आहे. कुठल्या कंपनीच्या फॉर्ममध्ये चालवणाऱ्याच्या लायसन्सची तारीख विचारतात आणि आठवण करून देतात हे कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा, पाचशे रुपये जास्त पडले तरी मी तिकडे जाईन.