आठ गिअरची ट्रेकिंग सायकल: व्हिएन्नाचा हिवाळा आणि वाखाउतला एक दिवस

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता व्हिएन्नात ही सायकल घेतली. ट्रेकिंग सायकल म्हणजे डोंगरातली नव्हे, रोजच्या फेऱ्यांना आणि लांबच्या सहलींनाही चालणारी. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवे सगळं कंपनीनेच लावून दिलेलं, मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या जाड तुंब्याच्या) पोटात शिमानो कंपनीचे नेक्सस नावाचे आठ गिअर, चेन पूर्ण बंद कव्हरात. कंपनीचं नाव देत नाही, कारण उन्नीस-बीस फरकाने हीच सायकल इथे बरेच जण विकतात आणि मला बोलायचंय ते या प्रकाराबद्दल. किंमत हजार युरोच्या थोडी वर, वजन साधारण १८ किलो. दुकानात शेजारीच जवळपास त्याच किमतीची, कितीतरी हलकी, देखणी सायकल उभी होती. तिला मडगार्ड नव्हते.

ऑफिसच्या रोजच्या फेऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात; ती चेनपर्यंत पोचलीच नाही. एकदा गिअर घसरायला लागले, तर चौथ्यावर टाकून हबजवळच्या दोन पिवळ्या रेषा समोरासमोर आणल्या, संपलं काम. दिव्यांचा डायनामो पुढच्या हबमध्ये आहे. लहानपणी टायरला घासून घरघरणारा आणि पायात गोळे आणणारा डायनामो ज्यांनी वापरलाय त्यांना सांगतो, हा चालू आहे की बंद ते पायाला कळतही नाही.

खरी परीक्षा झाली डॅन्यूबकाठी. व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनवरून सकाळच्या लोकल गाडीने मेल्क (सायकलचं तिकीट वेगळं), तिथून वाखाउ खोऱ्यातून क्रेम्सपर्यंत. अंतर जेमतेम ३५-४० किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट. नदीकाठच्या किलोमीटरच्या पाट्या मुखापासून उलट्या मोजलेल्या असतात, त्यामुळे प्रवाहाबरोबर जाताना आकडे उतरत जातात: मेल्कला २०३६च्या आसपास, क्रेम्सला २००२च्या जवळ. बहुतेक लोक याच दिशेने जातात, कारण इथे वारा सहसा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवरचा. आमच्या नशिबी त्या दिवशी पूर्वेचा आला. ताठ बसून चालवायची सायकल वाऱ्याला छाती देते. वाकावं म्हटलं तर हँडल तशी सोयच ठेवत नाही. श्योनब्यूएलच्या पुढे सत्तरीतले एक आजोबा बॅटरीच्या सायकलवरून शीळ घालत मागे टाकून गेले. हबच्या गिअरचा फायदा मात्र अशाच वेळी समजतो. जागेवर थांबलो तरी गिअर बदलता येतो, पायडल मारत बसावं लागत नाही.

दक्षिण काठ शांत, गाड्या कमी. ओबरआर्न्सडोर्फहून पलीकडच्या श्पित्सला जायला तराफ्यासारखी एक बोट आहे, तिला इंजिन नाही. नदीवर आडवा दोर ताणलाय, बोट त्याला बांधलेली. नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी धरतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. वाखाउत नदीला धरणाने अडवलेलं नाही, म्हणून ही युक्ती चालते. स्टँडचं महत्त्व त्या फळ्यांवर कळलं. बाकीचे आपापल्या सायकली धरून उभे, आणि मी मोकळ्या हाताने डबा खातोय.

श्पित्सनंतर द्राक्षमळ्यांमधून वाट जाते. वाइसेनकिर्खनच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मागचंच! बंद चेनकव्हर, गिअरची केबल, मोठे नट. चाक काढायचं तर अर्धा तास आणि काळे हात ठरलेले. म्हणून चाक काढलंच नाही. पुण्यातला पंक्चरवाला करतो तेच केलं: टायरची एक कड उचकटली, ट्यूब हातभर बाहेर ओढली, हवा भरून गालाजवळ फिरवली. फुस्स् जाणवलं तिथे घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ चिकटवलं. आतून बोट फिरवल्यावर टायरमध्ये काटा सापडला, तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. सायकलबरोबर आलेले टायर पातळच होते. घरी आल्यावर श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस घातले. त्यात तळाखाली ५ मिलिमीटर जाड रबराचा थर असतो. चालवायला जरा जड, पण तेव्हापासून पंक्चर नाही.

ड्युर्नश्टाइनच्या गल्लीत दगडी फरसबंदी आहे. वरच्या पडक्या किल्ल्यात ११९२-९३च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. क्रुसेडवरून (धर्मयुद्धावरून) परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली, पण त्या क्षणी जास्त वाटली माझ्या बुडाबद्दल. सोबत आलेली मऊ, जेलची सीट पहिले दहा किलोमीटर गादी, पुढे शिक्षा. मऊ सीटमध्ये माणूस रुतत जातो आणि भार हाडांवर न राहता भलतीकडे येतो. ही सीट पहिल्याच महिन्यात बदला, कडक आणि आपल्या मापाची घ्या.

शेवटच्या टप्प्यात सर आली. मडगार्ड नसलेल्यांच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटली होती. माझी पँट ऑफिसला जाण्याइतकी स्वच्छ. कॅरिअरवरच्या दोन पिशव्यांत कपडे, पंप आणि रस्त्यात घेतलेले दोन किलो जर्दाळू (जुलैत इथे काठाकाठाने विकायला बसतात), तरी हँडल डगमगलं नाही.

राहता राहिलं वजन. क्रेम्सहून व्हिएन्नाच्या फ्रान्स-योझेफ्स-बानहोफ स्टेशनला परतताना गाडीत चढवायला एकाने हात दिला, पण घरी कोण देणार? व्हिएन्नातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर सायकल घेण्याआधी तळमजल्यावर किंवा तळघरात जागा आहे का ते घरमालकाला विचारा. मला मिळाली, म्हणून ही सायकल अजून माझ्याकडे आहे.